नारळाच्या दुधातला हलवा

गव्हाचा चीक म्हटला की आपल्याला कुरडया आठवतात. एप्रिल-मेचं ऊन, गच्चीवर पसरलेली जुनी पातळं, कावळे हाकलायला बसवलेली पोरं आणि सोऱ्यातून पडण्याआधीच वाटीत मागून घेतलेला गरम चीक. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मलाही चिकाचा याहून वेगळा उपयोग ठाऊक नव्हता. १९८८ साली माझी बदली अलिबागला झाली आणि इस्राएल आळीत, एका बेने इस्रायली कुटुंबाच्या घरात, आम्हाला वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. बरोबर बायको आणि दोन वर्षांचा मुलगा. घरमालक साठीच्या पुढचे. आम्ही त्यांना आजोबा म्हणू लागलो, त्यांच्या पत्नीला आजी. आजींचं नऊवारी, कपाळ मोकळं, गळ्यात काळी पोत आणि बोलणं अस्सल अष्टागरातलं. पहिल्या दिवशी त्या जिन्याखालून ओरडून म्हणाल्या, “साहेब, सामान लावून झालं की खाली जेवायला या. मासे खाता ना?” आम्ही खात होतो. पानात कालवण होतं रावसाचं. कोलंबी नव्हती, चिंबोरी नव्हती. अलिबागच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून या घरात कोलंबी कधीच शिजली नव्हती, हे मला पुढे कळलं.

खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, हा त्यांचा धर्म. बेने इस्रायलींच्या परंपरेत एक कथा सांगतात. त्यांचे पूर्वज फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली, घाण्यावर तेल गाळून पोट भरू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनवार तेली’. शतकांनंतर दाविद राहाबी नावाचा जाणता यहुदी कोकणात आला. हे लोक खरोखरच आपले का, याची त्यानं परीक्षा घेतली ती बायकांची. मिसळलेले मासे त्यांच्यापुढे टाकले आणि शिजवायला सांगितलं. बायकांनी खवल्यांचे मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. कथा किती खरी, हा इतिहासकारांचा प्रश्न. मला तिच्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सगळी पोथी बुडाल्यावर धर्माची साक्ष मागायची वेळ आली, तेव्हा ती चुलीपाशी मागितली गेली.

आजींच्या घरात हे रोज दिसायचं. शुक्रवारी दुपारपासून लगबग. शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून दोन्ही दिवसांचा स्वयंपाक आदल्या दिवशी. सूर्य कलला की काचेच्या ग्लासात अर्धं पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात. आजी दिवा लावून डोळ्यांवर हात धरायच्या. द्राक्षाच्या दारूच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत. मनुका रात्री भिजत घालायच्या, सकाळी कुस्करून फडक्यातून पिळायच्या. आजोबा पेला हातात धरून हिब्रूत आशीर्वाद म्हणत आणि लगेच मराठीत विचारत, “आमटीत मीठ आहे ना ग?”

या शनिवारानं माझी एकदा चांगली जिरवली. बँकांचं वर्ष तोवर डिसेंबरऐवजी मार्चमध्ये संपू लागलं होतं. ३१ मार्च १९९० हा नेमका शनिवार. आजोबांनी वाडीतल्या पंपासाठी छोटं कर्ज घेतलं होतं आणि त्या कागदांवर त्यांची एक सही राहिली होती. चूक माझी, आठवडाभर मी विसरलो होतो. सकाळी शिपाई पाठवला, आजोबा आले नाहीत. दुपारी मी स्वतः गेलो. ते ओटीवर बसले होते, पांढरा सदरा घालून.

“आजोबा, एक सही. अर्धा मिनिट.”

“आज लिहायचं नसतं, साहेब.”

“अहो, लिहायचं कुठं आहे? नावच तर काढायचंय.”

ते नुसते हसले. मी तिशीचा, नुकताच अधिकारी झालेला. थोडं वरच्या पट्टीत म्हणालो, की बँक कुणाच्या देवासाठी थांबत नाही. आजी आतून दारापर्यंत आल्या आणि काही न बोलता परत गेल्या. हिशेब पुरे होईपर्यंत बँक त्या रात्री थांबणारच होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी ते वाक्य बोललो. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आजोबा हातात विजेरी घेऊन शाखेत आले. “तीन तारे दिसले,” म्हणाले, “आता दे कागद.” सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि खिशातून पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. “जेवला नसशील म्हणून हिनं दिलंय.” माफी मागायला मला पुढे बरेच दिवस लागले.

त्यानंतर दहा दिवसांत त्यांचा वल्हांडण आला. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा तो सण. त्याला ते पेसाह म्हणतात. घराला चुना लागला. तांब्याची भांडी कल्हईवाल्याकडे गेली. आठ दिवस घरात खमिराचा कणही राहता कामा नये, म्हणून डबे, फडताळं, पाट्याच्या खाचासुद्धा घासल्या गेल्या. या सणाचं कोकणातलं जुनं नाव ‘अनाशी ढाकाचा सण’. अनाशी म्हणजे आंबट रस ठेवायचं मातीचं भांडं. ते आठ दिवस झाकून ठेवायचं, असा अर्थ सांगतात. बिनखमिरी भाकरी घरीच व्हायची. पिठात पाणी पडल्यापासून भाजून होईपर्यंत अठरा मिनिटांच्या वर जायचं नाही, नाहीतर पीठ आंबलं असं धरतात. माझं घड्याळ मागून घेऊन आजींनी मला चुलीसमोर पाटावर बसवलं आणि दर दोन मिनिटांनी वेळ सांगायचं काम दिलं. मुली लाटत होत्या, सुना भाजत होत्या. खजूर शिजवून, गाळून, आटवून घट्ट पाक केलेला. दारावर कागद, त्यावर बकऱ्याच्या रक्तानं उमटवलेला पंजा. त्या रात्री वाचायच्या पोथीला हगादा म्हणतात. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी भाषांतरासह हगाद्यात भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, आणि त्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. ते चित्र मी पुष्कळ वर्षांनी पाहिलं तेव्हा चित्रकारानं कल्पना लढवली असं क्षणभरही वाटलं नाही. मी त्या पाटावर बसून आलो होतो.

त्यांच्या सणांची जुनी नावं मला फार आवडतात. हिब्रू नावं पुढे शिक्षणाबरोबर रूढ झाली. आजीच्या तोंडी दोन्ही असायची. वर्षारंभ म्हणजे रोश हशाना, तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर चौथ्या दिवशी ‘खिरीचा सण’, नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर. दहाव्या दिवशी ‘दारफाळणी’, म्हणजे योम किपूर. पांढरे कपडे, कडक उपास, घराची दारं लावलेली. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा. पुरिम होळीच्या आसपास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा दिवस ‘बिरड्याचा सण’, कारण त्या उपासाशी वालाचं बिरडं जोडलेलं. हईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला आपल्या समाजाचा इतिहास ही नावं नोंदवतो. तो ग्रंथ छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. नाव काढावं तर किहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर! आमच्या शाखेच्या खातेवहीत ही आडनावं इतर ‘कर’ मंडळींत अशी मिसळलेली असत, की धर्म ओळखायचा तर पहिलं नाव वाचावं लागे.

सणाबरोबर हस्तकलाही येत. सुक्कोथला अंगणात झावळ्यांचा मांडव पडे. वाळवंटातल्या भटकंतीची आठवण म्हणून त्यात बसून जेवायचं. छपरातून आकाश दिसलं पाहिजे, हा नियम. मांडवात फळं टांगायची, रंगीत कागदाच्या साखळ्या सोडायच्या. आमचा गणपती त्याच्या आधी होऊन गेलेला असे. माझ्या मुलानं उरलेल्या पताका आणि साखळ्या मोठ्या उत्साहानं खाली नेल्या. आजींनी त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, “देवापुढचं नको हां बाळा. कोरा कागद उरला असेल तर आण, आपण दोघं मिळून करू.” मुलाला त्यात काही वाटलं नाही. मला जरा लागलं होतं, पण दोघं खळ लावत बसलेली पाहिली आणि ते विरून गेलं. आजींना आमच्या गणपतीचा प्रसाद देताना आम्ही फक्त फळ देत असू आणि त्या ते हसून नाकारत. इतक्या जवळ राहूनही आपली रेघ पुसू द्यायची नाही आणि त्यासाठी कुणाचं मनही मोडायचं नाही, हे त्यांना जमत असे.

डिसेंबरात हनुक्का. भिंतीवर लाकडी फळी, तिच्यावर षट्कोनी तारा, ताऱ्याभोवती तारेच्या कड्या आणि प्रत्येक कडीत काचेची चिमुकली वाटी. फळी आजोबांनी सुताराकडून करून घेतलेली, कड्या स्वतः वळलेल्या. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असे आठ रात्री. शिवाय रोज एक सेवकदिवा, ज्यानं बाकीचे पेटवायचे. मी बँकेतला माणूस. लगेच बेरीज केली. छत्तीस अधिक आठ, चव्वेचाळीस. वाती वळायला माझी आई खाली जाऊन बसे. वातींच्या बाबतीत दोन्ही घरांचं एकमत होतं.

१९९१ च्या पावसाळ्यात मुलाला टायफॉइड झाला. तो उठला त्या आठवड्यात आजींनी वर येऊन विचारलं, “मी एलियाहू हन्नबीला बोलले होते. मलिदा करू का?” एलियाहू संदेष्टा हे या समाजाचं मोठं श्रद्धास्थान. अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. त्यावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं मानतात. नवस फेडायला मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलदोडे, बदाम-मनुका. भोवती पाच फळं, मध्ये गुलाबाचं फूल. झाडाच्या फळाला एक आशीर्वाद, जमिनीतल्या पिकाला दुसरा, सुगंधाला तिसरा. मुलाला पुढ्यात बसवून आजोबांनी सगळं म्हटलं. माझी आई चमचाभर तोंडात टाकून म्हणाली, “आपले गोडाचे पोहेच की!” आजी म्हणाल्या, “पोहे तुमचेच. म्हटलेलं आमचं.”

आता त्या हलव्याबद्दल. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा झालाच पाहिजे. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं. मग पाट्यावर वाटून, फडक्यातून पिळून, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून टाकायचं. तळाशी राहील तो चीक. वाटीभर चिकाला आठ वाट्या नारळाचं दूध, तीन वाट्या साखर, चिमूटभर मीठ. मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं. तासाभरानं हात भरून येतो, दीड तासानं खांदा. आळीपाळीनं घरातला प्रत्येकजण ढवळतो, मीही ढवळलाय. “हात थांबला की हलवा रुसतो,” आजी म्हणायच्या. कडा सोडून गोळा तकतकीत झाला की वेलची-जायफळ, थोडा गुलाबी रंग. तूप लावलेलं ताट नव्हे, खोबरेलाचा हात फिरवलेलं ताट. त्यात ओतून वर बदाम-पिस्त्याचे काप, आणि थंड झाल्यावर शंकरपाळ्यासारख्या वड्या. माझ्या बायकोनं हे सगळं आजींच्या हाताखाली तीन वर्षं शिकून घेतलं. आजींच्या सुनांना वेळ नव्हता. एक मुंबईला नोकरी करत होती, दुसरी जाण्याच्या तयारीत होती.

‘जाणं’ हा त्या आळीतला नेहमीचा शब्द. इस्रायल स्थापन झालं १९४८ साली, आणि तेव्हापासून घरं एकेक करून रिकामी होत होती. आजोबांचे थोरले भाऊ पन्नासच्या दशकातच गेलेले. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठानं बेने इस्रायलींच्या इतर यहुद्यांशी होणाऱ्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी मागितली. कोकणात कुणी ज्यांना कधी विचारलं नव्हतं, त्यांना आपल्याच माणसांनी विचारलं, ‘तुम्ही नक्की यहुदी ना?’ लोक धरणं धरून बसले आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये हे सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी आहेत असं सरकारनं जाहीर केलं. त्या दिवसांतली भावाची मराठी पत्रं आजोबांनी जपून ठेवली होती. “मला परीक्षा द्यायची नाही,” ते म्हणत. म्हणून ते राहिले आणि अलिबागच्या मातीतच गेले. १९९२ च्या जानेवारीत भारत आणि इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले. त्याच्या पुढच्या वर्षी आजी धाकट्या मुलाबरोबर निघाल्या. तोवर माझीही बदली झाली होती. निरोपाला गेलो तेव्हा घर विकलेलं होतं. आजींनी पाटा-वरवंटा माझ्या बायकोला दिला. “विमानात घेत नाहीत म्हणे. तू वाटत जा.”

अश्दोदहून त्यांची पत्रं येत. नारळ महाग, डब्यातलं दूध मिळतं पण त्याला वास. शेजारची बाई मोरोक्कोची, तिचा सण वेगळ्याच चवीचा. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं, त्याचे अंक त्या पाठवत. २०११ मध्ये त्या गेल्याचा फोन आला.

२०१९ च्या जानेवारीत त्यांची नात भारतात आली. तिकडची सक्तीची लष्करी नोकरी संपवून मुलं फिरायला निघतात, तशी. वय तेवीस. मराठी कळत होतं, बोलताना अडखळत होती, देवनागरी येत नव्हतं. झाडांच्या नववर्षाला, २१ तारखेला, खंडाळ्याला जाऊन आली आणि आमच्या पुण्याच्या घरी उतरली. तिला हलवा शिकायचा होता. घरात कुणालाच येत नव्हता. आई कॉर्नफ्लॉवरचा करायची, आणि आजीनं लिहून काहीच ठेवलं नव्हतं. “आजी म्हणायची, कृती अलिबागच्या वरच्या मजल्यावर आहे.”

माझ्या बायकोला केवढा आनंद झाला. तीन दिवस आधीच गहू भिजले होते. पाटा गॅलरीतून आत आला. चीक निघाला, कढई चढली आणि हिनं सवयीनं फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली, बाजूला साजूक तुपाची बरणी ठेवली. मुलगी गोंधळून पाहत राहिली.

“दूध? हे गाईचं?”

“हो. जरा मऊ होतो त्यानं.”

“पण मग... मटणानंतर कसा खाणार?”

हिचा हात तसाच राहिला. तुपाची बरणी आधी कधी आली आणि दूध कधी, हे हिला आठवेना. पंचवीस वर्षांत नारळ फोडायचा कंटाळा, पाहुण्यांची आवड, मुलाचा हट्ट, असं एकेक करून ते आत आलं होतं. यहुदी धर्मात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. सणाचं जेवण म्हणजे मटण आलंच, आणि म्हणून त्यानंतरचं गोड दुधातुपाचं असून चालत नाही. कोकणानं या नियमाला उत्तर दिलं ते नारळाचं. आजींच्या हलव्यात नारळाचं दूध होतं ते चवीसाठी नव्हे, चव मागून आली. आमच्या घरात तो नियम नव्हता, त्यामुळे नारळ टिकायला कारण नव्हतं. तिच्या घरात नियम होता, पण चीक काढणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही कृती सांभाळली असं समजत होतो. सांभाळली होती फक्त मेहनत.

मी खाली जाऊन चार नारळ आणले. मुलगी खवायला बसली, मी पिळायला. ती एका वहीत उजवीकडून डावीकडे हिब्रू अक्षरांत ‘चीक’, ‘नारळ’, ‘जायफळ’ लिहीत होती आणि बायको मापं सांगत होती. एक वाटीला आठ. दीड तास तिघांनी आळीपाळीनं ढवळलं. वड्या पडल्यावर पहिली वडी तिनं खाल्ली नाही. आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. एवढं मात्र तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आज साऱ्या देशात मिळून यहुदी उरले आहेत पाचेक हजार. त्यांतले पुष्कळसे मुंबई आणि ठाण्याच्या आसपास. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. मुंबईतलं त्यांचं १७९६ चं सभागृह उभं आहे, अलिबागचंही आहे. आळीचं नावही तेच आहे. घरांत दिवे थोड्याच खिडक्यांत लागतात.

त्या वर्षी सप्टेंबरअखेर, नव्याच्या सणाच्या दिवशी, अश्दोदहून फोनवर एक फोटो आला. ताटात गुलाबी हलवा, वड्या जरा वेड्यावाकड्या, एका कडेला करपलेला. खाली तिचा आवाज: “आजी, तळाला लागला.” बायकोनं चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. मग फोन तोंडाजवळ धरून म्हणाली, “हात थांबला असेल ग.”